चार फुटांची भिंत

प्रशीलने भिंतीवर पेपर चिकटवला तो एप्रिलचा पहिला रविवार होता.

आधी एक पान. मग त्याला जोडून दुसरं. मग अर्धं. सगळं सेलोटेपने. मागे सरून, मान वाकडी करून त्याने बघितलं आणि पेनाने एका टोकाला लिहिलं, ४३.

"हा बघ. एवढा येईल."

प्रज्ञा ओट्याशी पोळ्या लाटत होती. ओट्यापासून त्या भिंतीपर्यंत मोजून सहा पावलं. धुळ्यात, देवपुरात, झुलाल आबांच्या घरामागची ही खोली. दहा बाय अकरा. एका बाजूला ओटा, एका बाजूला पलंग, एका बाजूला दार आणि खिडकी. राहिली एक भिंत. तिच्यातही मोरीचं दार, कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटाला चिकटून पाण्याचं पिंप. हे सगळं वजा जाता मोकळी भिंत फक्त चार फूट. वर सामानाचा माळा, तोही इतका खाली की प्रशील वाकून चालायचा. म्हणजे त्या भिंतीवर वर एक आणि खाली एक असं काही लावता येत नव्हतं. जे लावायचं ते शेजारी शेजारी.

आणि दार उघडं असलं की गल्लीतून जाणाऱ्याला सगळ्यात आधी दिसायची ती हीच चार फूट भिंत.

"त्रेचाळीस इंच आडवा नाही मोजत," प्रज्ञा म्हणाली. "तिरपा मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आडवा अडतीस भरेल."

ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. मोजण्यात तिची चूक व्हायची नाही. प्रशीलने मोजायची टेप लावून पाहिली आणि एकदम खूश झाला.

"म्हणजे अजून दहा इंच शिल्लक. मग तर आरामात बसतो."

झालं. तिनेच त्याच्या हातात कोलीत दिलं.

"आणि फोटो?" तिने विचारलं.

प्रशील पेपर सरळ करायला लागला. तो सरळच होता.

"फोटो अठरा इंच रुंद आहे," ती म्हणाली. "दहा इंचात अठरा इंच बसतात का?"

"फोटो सध्या आहे ना कपाटात."

"तेच म्हणतेय मी."

फोटो कपाटात होता. तिच्या लग्नातल्या साड्यांच्या खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. बाबासाहेबांचा, निळ्या कोटातला, सागवानी फ्रेमचा. वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तो दारासमोर होता. प्रज्ञाचं अख्खं लहानपण असं गेलं की कुलूप उघडलं की आधी बाबासाहेब दिसायचे, मग लाईटचं बटण. पप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आणि पोरीच्या लग्नात त्यांनी भांडीकुंडी दिली, पलंग दिला आणि ती फ्रेम दिली. म्हणाले, दारासमोर लाव.

नोव्हेंबरात ती या खोलीत आली. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, खिळा कुठे मारायचा? प्रशील म्हणाला, थोडं थांब. आणि मग त्याने तिला सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी त्याला नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. कंपनीची बस धुळ्याहून सुटायची म्हणून धुळ्यात खोली पाहिजे होती. त्याने अकरा खोल्या पाहिल्या. कुठे मालक आधी नाव विचारायचा, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला, आणि मग त्याला एकदम आठवायचं की खोली कालच गेली. अकराव्या खोलीला झुलाल आबा होते. मूळचे पारोळ्याकडचे, शेतीवाले, पोरांसाठी धुळ्यात येऊन घर बांधलेले. आबांचा एक कान जड.

"नाव काय?"

"प्रशील."

"प्रशांत," आबा म्हणाले. "बापनं?"

"मोतीलाल. सोनवणे."

आबांच्या घरात एक मोतीलाल होता. सोनवणे तर पाव्हण्यात चिक्कार. आबांचा चेहरा खुलला.

"मोतीलाल सोनवणे. मंग आपलाच शेस ना?"

"हा आबा," प्रशील म्हणाला.

एवढंच. "मी खोटं काय बोललो यात?" त्याने प्रज्ञाला विचारलं होतं. "प्रशांत मी म्हणालो नाही, त्यांनी ऐकलं. आपले म्हणजे कोण, ते त्यांनी ठरवलं."

"आणि तू ठरवू दिलंस."

"अकरा खोल्या, प्रज्ञा. तू एकपण पाहिलेली नाहीस."

फोटो टॉवेलमध्ये गेला. गल्लीत प्रशील प्रशांतभाऊ होताच, ती प्रशांतभाऊंची बायको झाली. जळगावला कॉलेजात ती त्याला कॅन्टीनच्या या टोकाहून त्या टोकाला "ए प्रशील" अशी हाक मारायची. इथे ती "अहो" म्हणायला लागली. दुसरं म्हणणार काय? आणि गल्लीतल्या बायका खूश. शिकेल पोर शे, पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. किती चांगलं वळण.

मग जानेवारीत हळदीकुंकू आलं. आबांची बायको भिकुबाई, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्काच्या अंगणात पंधरा बायका. एकेकीने उखाणा घ्यायचा. प्रज्ञाची पाळी आली.

"ले व नाव," अक्का म्हणाली.

प्रज्ञा उभी राहिली. उखाणा तयार होता, यमकही होतं. अडलं फक्त नावाशी. प्रशील म्हणावं तर संध्याकाळपर्यंत आबांच्या कानावर जाणार, चांगल्या कानावर. आणि प्रशांत म्हणावं तर कपाळावर याचं कुंकू आणि तोंडात भलत्याच माणसाचं नाव. प्रशांत कोण? ती त्याला ओळखत नव्हती. तिने त्याच्याशी लग्न केलेलं नव्हतं.

"घसा बसलाय," ती म्हणाली.

"लाजनी, लाजनी," बायका हसल्या. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी हातात पडली.

घरी येऊन तिने ती चाळणी पलंगावर टाकली. "आज मला माझ्या नवऱ्याचं नाव सांगता आलं नाही," ती म्हणाली. प्रशील तेव्हा जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

तर आता हा रविवार. भिंतीवर पेपर. पेपरवर ४३.

"हे बघ," प्रज्ञा लाटणं ठेवून म्हणाली. "चौदा एप्रिल नऊ दिवसांवर आलाय. त्या दिवशी मी कपाटाला हार घालणार नाही."

"अगं, आधी टीव्ही तर..."

"टीव्हीचंच बोलतेय. टीव्ही घेऊ. तुला मॅच बघायचीय, मला पण बघायचीय. पण बत्तीसचा घेऊ. बत्तीसचा आडवा अठ्ठावीस भरतो. अठ्ठावीस आणि अठरा?"

प्रशीलने हिशोब केला नाही. त्याला तो माहीत होता. आणि तिलाही कळलं होतं की त्रेचाळीसचा हट्ट नुसता मॅचसाठी नाही. मोठा टीव्ही आला की भिंत भरते. भिंत भरली की फोटोचा विषय मिटतो. कुणाला काही सांगावं लागत नाही, जागाच नाही ना.

"आबांनी खोली सोडायला लावली तर?" शेवटी तो म्हणाला.

"तर बारावी खोली मी बघीन. पुढे मी, मागे तू. आणि विचारायच्या आधी सांगेन."

संध्याकाळी ते आग्रा रोडवरच्या दुकानात गेले. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. सेल्समन होता अभिमन नावाचा, बोलायला एकदम मोकळा. त्याने प्रशीलकडे पाहिलं, प्रशीलने त्रेचाळीसकडे पाहिलं, आणि अभिमनला आपलं गिऱ्हाईक कोण ते कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं.

"भाऊ, योग्य जागी उभे आहात. पलंग ते भिंत अंतर किती?"

"सात-आठ फूट."

"मग हाच. डोळे बंद करून हाच."

"बत्तीसमधला दाखवा," प्रज्ञा म्हणाली.

अभिमन हसला. "वहिनी, बत्तीस म्हणजे आजकाल मोबाईलच."

"मोबाईलवरच बघतोय सध्या. डोळे शाबूत आहेत."

"पाव्हणे आले तर काय म्हणतील?"

"पाव्हणे टीव्ही बघायला येतात का आम्हाला?"

"भाऊंच्या मनाचा तरी विचार करा."

"भाऊंच्याच मनाचा करतेय. सहा महिने झाले, दुसरं काही करतच नाही."

प्रशील वॉशिंग मशीनकडे बघायला लागला. त्याला वॉशिंग मशीन नको होतं.

"भिंत किती आहे तुमची?" अभिमनने आता कामाला लागल्यासारखं विचारलं.

"चार फूट."

"चार फुटात त्रेचाळीस..."

"भिंतीवर आधीच एक जण आहेत," प्रज्ञा म्हणाली.

"कोण?"

प्रशीलची पाठ ताठ झालेली तिला दिसली. दुकानात अजून दोन-तीन कुटुंबं होती, टीव्ही बघणारी, फ्रिज उघडून बघणारी.

"बाबासाहेब," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

अभिमनने वर पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही. खिशातून टेप काढली. "फ्रेम केवढी?"

"अठरा."

"अठ्ठावीस अन् अठरा, शेहेचाळीस. दोन इंच राहतात. बसतं. फक्त फिटिंगवाल्याला सांगा आधी फोटो लावायचा, मग टीव्ही. उलटं केलं तर फोटो तिरपा जातो, मग रोज तेच दिसतं." आणि तो बत्तीसच्या रांगेकडे चालायला लागला. "या, यात दोन चांगले आहेत. एकाचा आवाज दमदार आहे."

आवाज दमदारवाला घेतला. बिल करताना अभिमनने पेन उचललं.

"नाव?"

प्रशील थांबला. प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम माशाकडे पाहत राहिली.

"आधारवरचं सांगा भाऊ," अभिमन म्हणाला. "वॉरंटीला तेच लागतं. एक अक्षर चुकलं तरी कंपनी दारात उभं करत नाही."

"प्रशील," तो म्हणाला. "प्रशील मोतीलाल सोनवणे."

"पत्ता?"

"देवपूर. झुलाल आबांच्या घरामागे."

बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "फोटोचं आबांशी मीच बोलीन. सावकाश. चौदा तारखेच्या आत."

"बोल," ती म्हणाली.

तो आठवडाभर बोलला नाही. रोज सकाळी बस पकडायला जाताना आबा आपल्या दारापुढच्या ओट्यावर दिसायचे, रोज तो म्हणायचा, "निघतो आबा." बस्स. गल्लीत कुरडयांचे दिवस सुरू झाले होते. अक्काने शेजारणींना घेऊन दोन खाटा बाहेर काढल्या होत्या.

बारा तारखेला, रविवारी, अकराच्या सुमाराला टेम्पो आला.

प्रशील मोरीत अंघोळीला गेला होता. त्याचा फोन पलंगावर, आवाज बंद. दोन मिस्डकॉल येऊन पडलेले. प्रज्ञाला ते माहीत नव्हतं. तिने खिडकीतून नुसता आवाज ऐकला, टेम्पोचा आणि मग माणसाचा.

"प्रशील मोतीलाल सोनवणे कोण आहे हो इथं?"

तो मगन. टेम्पोही चालवायचा आणि फिटिंगही करायचा. हातात चिठ्ठी, दरवाजातून अर्धा बाहेर.

आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "आठे कोनी प्रशील नही," ते म्हणाले. "प्रशांत शे."

"चिठ्ठीवर प्रशील आहे आबा. बापाचं नाव मोतीलाल."

"मोतीलाल बराबर शे. पन पोऱ्यानं नाव प्रशांत. दुसरी गल्ली देख."

"फोन पण उचलत नाही राव," मगन म्हणाला. "जाऊ द्या. परत नेतो. दुकानवाले बघतील काय ते."

टेम्पो रिव्हर्सचा आवाज करायला लागला. टूं टूं टूं.

प्रज्ञा खिडकीशी उभी. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, गरम गरम. अहो थांबा, आमचाच आहे टीव्ही, दुकानवाल्याने नाव चुकीचं लिहिलंय. एवढं म्हटलं की झालं. टीव्ही आत येतो, आबांचं खरं ठरतं, कुणाचं काही बिघडत नाही. सहा महिने ती हेच तर करत होती, काही बिघडू द्यायचं नाही.

तिने मोरीच्या दारावर थाप मारली. "प्रशील."

"काय गं?" आतून आवाज, तोही दबका. "हळू."

नाही. हळू नाही. ती दारात आली. उंबऱ्याबाहेर. खाटेभोवती पाच बायका, सगळ्यांचे हात चिकाने भरलेले. ओट्यावर आबा. टेम्पो मागे मागे चाललेला.

"ओ भाऊ," तिने हाक मारली. कॅन्टीनच्या टोकाहून मारायची तशीच. "थांबा. प्रशील सोनवणे इथेच राहतात. माझा नवरा आहे. आणा टीव्ही आत."

टूं टूं बंद झालं.

अक्काच्या हातातल्या सोऱ्यातून कुरडईचा एक वेढा अर्ध्यात लोंबत राहिला.

"कोन?" आबा म्हणाले. त्यांनी मान फिरवली, चांगला कान पुढे आला.

"प्रशील, आबा."

तेवढ्यात प्रशील बाहेर आला. बनियन, कमरेला टॉवेल, कानाच्या पाळीला साबण तसाच. त्याने टेम्पो पाहिला, आबा पाहिले, प्रज्ञा पाहिली, आणि त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. आता हा काय म्हणतो?

"तू प्रशील शेस?" आबांनी विचारलं.

"हो आबा. पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं. तुम्हाला प्रशांत ऐकू आलं. मी दुरुस्त केलं नाही, ते माझं चुकलं."

"अन् मी इचारं होतं, आपला..." आबा थांबले. ते वाक्य पुढे जाईना. पाच बायकांसमोर ते पुढे नेणं त्यांनाही जड गेलं असणार.

"विचारलं होतं," प्रज्ञा म्हणाली. "आणि दोन वर्षं होतो की आपले. तुमच्या घरची वांगी आली, कळण्याची भाकरी आली. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा हा रात्रपाळी करून तुमचा डबा घेऊन गेला. आज सकाळपर्यंत आपलेच होतो ना आबा?"

आबांनी ओट्यावरचा टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

"मन्हा पुतन्या येई ऱ्हायना जूनमां," ते म्हणाले. "खोली लागी त्याले."

प्रज्ञाला वाटलं आता प्रशील हात जोडेल. अकरा खोल्या फिरलेला माणूस. तिने मनात तयारी केली, तो जोडेल तर आपण काय म्हणायचं त्याची.

प्रशीलने कानाचा साबण पुसला.

"बरं आबा," तो म्हणाला. "जूनचं जूनला बोलू. आधी टीव्ही आत घेऊ द्या. ऊन लागतंय त्याला." आणि मगनकडे वळून, "या भाऊ. मीच प्रशील. सही कुठे करायची?"

मगनने खोका आत आणला. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तो माणूस काही वाईट नव्हता. ड्रिल बाहेर काढता काढता हळूच म्हणाला, "वहिनी, एक सांगू का? दोन महिन्यांसाठी भिंतीला भोकं कशाला पाडता? टीव्हीला पाय आहेत, टेबलावर ठेवून देतो. मालक अजून चिडला तर नस्ती कटकट."

प्रज्ञाने कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या, टॉवेल काढला, फ्रेम बाहेर घेतली. काचेवर पदर फिरवला.

"आधी हे लावायचं," ती म्हणाली. "मग टीव्ही. दोन दिवसांसाठी असतं तरी पाडली असती भोकं."

मगनने फोटोकडे पाहिलं, मग दाराकडे. दार सताड उघडं होतं. "समोरून दिसेल."

"म्हणून तर तिथे."

प्रशीलने टेप धरली. कपाटाच्या कडेपासून मोजलं, पेनाने खूण केली, पुसली, परत केली. भिंतीवर अजून सेलोटेपचा एक तुकडा आणि त्यावर कागदाचा कोपरा राहिला होता. तो त्याने नखाने खरवडून काढला. मग ड्रिल सुरू झालं. आबांच्या घरात विचारल्याशिवाय भिंतीला खिळाही मारायचा नव्हता, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्या आवाजाने गल्लीतली कुत्री उठली. विटेचा लाल भुगा पिंपाच्या झाकणावर पडला.

फोटो लागला. मग टीव्ही लागला. मधे दोन इंच, अभिमन म्हणाला होता तेवढेच. मगनने लेव्हल लावून पाहिली, सही घेतली, पाणी प्यायला आणि गेला.

अर्ध्या तासाने दारात अक्का उभी होती. हातावरचा चीक वाळून पांढरा झालेला. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच भिंत बघत राहिली, आधी डावीकडचं, मग उजवीकडचं.

"ल्हानसा लिना," ती म्हणाली.

"भिंत तेवढीच आहे अक्का."

"मंग तधळ नाव का बरं नही लिनं? हळदीकुंकूले?"

"चुकीचं घ्यावं लागलं असतं."

अक्काच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. रागावली होती का, दुखावली होती, का नुसती उन्हाने थकली होती.

"आते ले," ती म्हणाली.

प्रज्ञा विळी बाजूला सारून उठली. यावेळी घसा बसलेला नव्हता.

"चार फुटांच्या भिंतीवर दोघांचीही सोय,
प्रशीलचीच बायको का? विचारा, म्हणेन होय."

पलंगावर प्रशील रिमोटमध्ये सेल घालत होता. त्याचा हात तसाच राहिला. अक्का हसली नाही, बरं म्हणाली नाही. पदराने कपाळ पुसलं आणि जायला वळली. वळता वळता, जणू काही पापडाचं पीठ किती घेतलं ते सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "पुतन्याले सुरतले सोतानं घर शे." आणि कुरडया उलटायला निघून गेली.

याचा अर्थ काय घ्यायचा ते दोघांनाही समजलं नाही. पुतण्या येणार नाही असं ती सांगून गेली, का तो येणार नसला तरी खोली जाणारच असं? प्रज्ञाने ते तिथेच सोडलं. जून यायला वेळ होता. चौदा एप्रिल परवावर होता, आणि हार आणायचा होता.

दुपारी मॅच लागली. दारातून ऊन सरळ आत येऊन पडद्यावर पडत होतं. बॉल कुठे गेला ते दिसेना, नुसता आवाज दमदार.

"दार लोटून घेऊ का?" प्रशील म्हणाला. "काहीच दिसत नाहीये."

"राहू दे उघडं," प्रज्ञा म्हणाली.

त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या फोटोकडे. मग पलंगावरून उठला, दाराला मागून वीट लावली, आणि परत येऊन बसला.